तुम्ही विचारलंत म्हणून: बिअर किटच्या डब्यात सगळं असताना वर धान्य आणि हॉप्स कशाला?

ब्रिटनमध्ये घरी एल (बिअरचा एक प्रकार) करणारी आपली मंडळी हे सतत विचारतात. सूर असा, की सोप्या कामाला मी उगाच फाटे फोडतो. डबा उघडायचा, साखर-पाणी घालायचं, यीस्ट टाकायचं. यात धान्य कुठून आलं? एकदा सविस्तर सांगून टाकतो. (१९६३ पासून तिथे घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे लागतो, म्हणून पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी हे फक्त वाचण्यापुरतं.)

दीड-पावणेदोन किलोच्या डब्यात मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) आटवलेला पाक असतो, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा त्यात आधीच उतरवलेला. २३ लिटरला तो अपुरा पडतो, म्हणून किलोभर साखर घालायला सांगतात. साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं. अल्कोहोल मिळतं, पण अंतिम घनता (आंबणं संपल्यावरची, पाणी १.००० धरून) १.००६ च्या आसपास उतरते आणि एल पांचट लागते. साखरेऐवजी किलोभर स्प्रेमॉल्ट (मॉल्टच्या पाकाची कोरडी पूड) घातलं तर त्यातला साधारण पाव हिस्सा यीस्टला पचत नाही, घनता १.०१० ते १.०१२ ला थांबते. एवढं केलं की पुरे, असं मी पूर्वी ठासून सांगत असे. आज तसं म्हणवत नाही. अंग (तोंडात जाणवणारा दाटपणा) येतं, पण भाजलेल्या धान्याची चव आणि हॉप्सचा गंध पाक आटवतानाच बराचसा उडालेला असतो. तो साखर बदलून परत येत नाही.

खरा निकाल लागतो तो धान्य भिजवण्याच्या अर्ध्या तासात. २०० ग्रॅम भरडलेलं क्रिस्टल मॉल्ट (भाजलेलं, गोडसर मॉल्ट) कापडी पिशवीत सैलसर बांधा. दीड लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवून आच बंद करा, पिशवी सोडा. तापमान ६८ च्या आसपास येतं. झाकण ठेवून ३० मिनिटं थांबा. पाणी उकळू देऊ नका: ७७ च्या वर टरफलातला तुरटपणा उतरतो आणि तो मुरवल्यानेही पुरता जात नाही. पाणी वाढवणं हेही तितकंच वाईट, आणि हे कुणी लक्षात घेत नाही. मूठभर धान्य मोठ्या पातेल्यात भिजवलं की पाण्याचा अल्कधर्मीपणा खाली आणायला धान्याची आम्लता पुरत नाही, आणि कमी तापमानालाही तुरटपणा येतो. लंडन किंवा केंटच्या चुन्याच्या पाण्यात तर हमखास. पिशवी पिळावी की नुसती निथळू द्यावी, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. मी निथळू द्या म्हणतो.

धान्य कुठलंही चालेल का? नाही. क्रिस्टलमधल्या स्टार्चची साखर भट्टीतच झालेली असते, म्हणून ते नुसतं भिजवून भागतं. पेल मॉल्ट (फिकं, साधं मॉल्ट) किंवा ओट्स तसे नाहीत. ओट्समध्ये स्टार्च फोडणारी एन्झाइम्सच नसतात. ते पेल मॉल्टबरोबर ६५ ते ६८ अंशांवर तासभर राखावे लागतात, नाहीतर स्टार्च तसाच उतरून एल गढूळ होते.

आता पिशवी काढा, दीड लिटर पाणी आणि किलोतलं ३०० ग्रॅम स्प्रेमॉल्ट घालून उकळी आणा. पहिल्या उकळीला फेस झपाट्याने वर येतो, पातेलं मोठंच घ्या. पंधरा मिनिटं उकळायचं. शेवटच्या दहा मिनिटांसाठी २० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल्स जातीचे हॉप्स टाका. तासभर हॉप्स उकळू नका, कडवटपणा डब्यात पुरेसा आहे. डब्यातला पाक आच बंद केल्यावरच मिसळा. उकळला तर उरलासुरला गंधही जातो. राहिलेलं स्प्रेमॉल्टही आताच विरघळवा.

पातेल्यातलं सगळं आंबवायच्या पिंपात ओतून २३ लिटरपर्यंत थंड पाणी भरा. नळाचं पाणी असेल तर आधी त्यात अर्धी कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) विरघळवा, क्लोरीनमुळे एलला औषधासारखा वास येतो. तापमान २० वर आल्यावर यीस्ट घाला. डब्याबरोबरची पुडी पाच-सहा ग्रॅमचीच असते, वेगळी ११.५ ग्रॅमची एल यीस्टची पुडी घ्या आणि १८ ते २० अंश राखा.

खर्च वाढतो, हे मान्य. दोन डब्यांचा तीन किलोचा किट घेतला तर साखरेचा प्रश्नच उरत नाही, हेही खरं. पण त्यातही अनेकदा ताजे हॉप्स नसतात. आणि एवढं करायचं तर सरळ धान्यापासूनच का करू नये, या प्रश्नाला माझ्याकडे ठाम उत्तर नाही. त्याला मोठं पातेलं आणि अख्खी दुपार लागते, एवढंच म्हणू शकतो.

घनता स्थिरावली की २५ ग्रॅम कोरडे हॉप्स पिंपात टाका, चार दिवस ठेवा. त्यांतल्या एन्झाइम्समुळे आंबणं पुन्हा सुरू होऊ शकतं, म्हणून बाटल्या भरण्याआधी घनता पुन्हा मोजा. दोन दिवस तीच राहिली तरच लिटरमागे चार ग्रॅम साखर घालून बाटल्या भरा. घाई केली तर बाटल्या फुटतात.