खंडाळ्याची खडी आणि माझं अडकलेलं इंजिन

आधी हे सांगून टाकते. माती असो, वाळू असो, कच (दगड फोडताना निघणारा बारीक चुरा) असो, मॉडेल रेल्वेवर टाकण्याआधी तिच्यातून एक दणकट लोहचुंबक फिरवा. पुढचं नाही वाचलं तरी चालेल. मला हे कोणी सांगितलं नाही आणि माझा अख्खा पावसाळा त्यात गेला.

आमच्या मागच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवूडवर मी खंडाळ्याचा घाट करते आहे. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या 1/87. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटरची. तिला 87 ने भागलं की एकोणीसच्या वर उत्तर येतं आणि एचओचे रूळ मिळतात 16.5 चे, त्यामुळे जाणकार नाकं मुरडतात. मुरडू देत. रूळ, वायरिंग, थर्माकोलचे डोंगर हे सगळं मे महिन्यात बिनबोभाट झालं. अडलं ते डोंगरावर काय चढवायचं यावर. तयार परदेशी झाडांचं एक पाकीट आणलं होतं, ती लावल्यावर खंडाळा कमी आणि स्वित्झर्लंड जास्त दिसायला लागलं. म्हटलं, जे घरात आणि अंगणात आहे तेच वापरू.

तुळशीनं पहिल्याच दिवशी मन जिंकलं. मंजिऱ्या झडून वाळलेली तुळस नीट बघा: बुंधा, फांद्या, फांद्यांना फाटे, सगळं मोठ्या झाडाच्या प्रमाणात. सासूबाई काय म्हणतील याची धास्ती होती, पण त्या म्हणाल्या, "कचऱ्यात जाण्यापेक्षा डोंगरावर गेलेली बरी." मग स्वतःच दोन कुंड्यांतल्या काड्या काढून दिल्या. वाळक्या घोसाळ्याची जाळी कातरून त्या काड्यांवर चिकटवली, वर हिरव्या रंगात घोळवलेला लाकडाचा भुसा. झाडाखाली पाचोळा म्हणून चहाचा चोथा. पावसाळ्यात भिंतीवरचं शेवाळ आणायच्या फंदात मात्र पडू नका. चार दिवस मखमल, आठव्या दिवशी तपकिरी चिंध्या.

आता खडी. खऱ्या रुळाखालची खडी साधारण 50 मिलिमीटरची धरली तर माझ्या मापात दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर हवा. शेजारी इमारतीचं काम चालू आहे, तिथल्या वॉचमनला विचारून पिशवीभर कच आणली. आपल्याच सह्याद्रीचा काळा दगड, तोच रंग, तोच करकरीतपणा. पिठाच्या चाळणीतून खाली पडलेलं मैद्याच्या चाळणीत घेतलं आणि तिच्यात जे वर राहिलं ती माझी खडी. (चाळण्या नव्या घ्याव्या लागल्या, त्याची कथा वेगळी.) रुळांमध्ये पसरून मऊ ब्रशनं सारखी केली, फेविकॉल आणि पाणी समसमान करून सिरिंजनं थेंब थेंब सोडलं. त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब हवेतच, नाहीतर फेविकॉलचा थेंब गोळी होऊन दाणे उचलून घरंगळतो. जुलैच्या दमट हवेत वाळायला चार दिवस लागले. पण दिसत काय होतं! मी खाली बसून, डोळे रुळाच्या पातळीला आणून, कितीतरी वेळ नुसती बघत होते.

तीन संध्याकाळी गाडी झकास पळाली. चौथ्या दिवशी इंजिन चढावर गुरगुरायला लागलं, मग आचके देत थांबलं.

मला वाटलं चढच जास्त आहे. खऱ्या खंडाळ्याच्या, म्हणजे भोर घाटातल्यासारखा 37 ला 1 (37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर) ठेवायचा हट्ट माझाच, आणि खऱ्या घाटातसुद्धा कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावे लागतात. डबे काढले, तरी तेच. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, चाकं पुसली, कंट्रोलर बदलून पाहिला. शेवटी इंजिन दुसऱ्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे कुरिअरनं पाठवलं.

आणि मग सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात "पोचलंय मॅडम." दुसऱ्यात "टेबलावर घेतलंय." तिसऱ्यात फोन उचललाच नाही. चौथ्यात ज्यानं उचलला त्याला माझं इंजिन कुठलं हेच माहीत नव्हतं, मला रंग आणि नंबर सांगावा लागला. पाचव्यात परत "टेबलावर घेतलंय." हे टेबल म्हणजे बहुधा फार लांबलचक असावं. तोवर माझ्याकडे घाट होता, झाडं होती, खडी होती आणि गाडी नव्हती. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "चालते का हो ही?"

सहाव्या आठवड्यात खोकं आलं. बिलावर एकच शब्द: सर्व्हिसिंग. इंजिन रुळावर ठेवलं, लोण्यासारखं चाललं. तीन संध्याकाळी. चौथ्या दिवशी पुन्हा गुरगुर.

या वेळी मी कुरिअरवाल्याला बोलावलं नाही, स्क्रू-ड्रायव्हर घेतला. इंजिनाचं वरचं कवच काढताना तिळाएवढा स्क्रू निसटून खडीत पडला. नवऱ्यानं बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक आणून दिलं आणि मी ते खडीवरून फिरवलं. वर उचललं तर स्क्रू होताच, पण चुंबकाला काळी कुळकुळीत दाढी आली होती.

दोघंही गप्प. मग मी पिशवीत उरलेल्या कचेत चुंबक घातलं. तशीच दाढी.

आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचं चुंबकाला ओढलं जाणारं खनिज. आणि इंजिनाच्या मोटारीत कायमचं चुंबक बसवलेलं. इंजिन खडीपासून काही मिलिमीटरवरून जातं आणि न चिकटलेली बारीक भुकटी पोटात ओढून घेतं. मोटार उघडली तर चुंबकाच्या कडेला आणि गिअरच्या ग्रीसमध्ये काळी पेस्ट झाली होती. ज्या दगडाचा मला अभिमान, तोच इंजिनाच्या मुळावर.

सगळी खडी उखडली. कोमट पाणी फवारायचं, वीस मिनिटं थांबायचं, फेविकॉल मऊ पडला की प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायची. दोन रविवार गेले आणि स्लीपरही (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) काही ठिकाणी निघाले.

पर्याय मिळाला मंडईजवळच्या रांगोळीच्या गाड्यावर. जाड पांढरी रांगोळी म्हणजे दळलेला दगडच, आणि माझ्या पाकिटात चुंबकाला एक कणही लागला नाही. तुमचं पाकीट तुम्ही तपासा. तयार करडी रांगोळी घेऊ नका, मी घेतली: फेविकॉलचं पाणी पडताच रंग सुटला आणि स्लीपर जांभळट झाले. पांढरीच आणा, अ‍ॅक्रिलिक रंगात कालवा, कागदावर वाळवा, चाळा. एकाच छटेची करू नका, तीन वाट्यांत तीन करडे करून मिसळा. एकच रंग असला की सिमेंटचा रस्ता वाटतो.

चोथ्याचं राहिलं. दूध-साखरेच्या चहाचा चोथा धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच वापरा. माझ्या बोगद्यापाशी बुरशी आली ती याच आळसानं. डोंगरावर घालायची माती तव्यावर चांगली गरम करून घ्या, तिच्यातून किडे निघतात.

सगळं झाल्यावर न राहवून त्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. म्हटलं, तुम्हाला मोटारीत काही दिसलं नव्हतं का?

"दिसलं ना मॅडम. काळी पावडर. तुमच्या पुण्याकडून आलेल्या इंजिनांतून निघतेच ती."

"मग बिलावर लिहायचं ना!"

"तुम्ही विचारलं नाहीत."