गो-कार्ट बांधताय? आधी मागचं आतलं चाक उचलू द्या

गो-कार्ट बांधणीच्या स्पर्धेत डिझाइन सादर करताना जवळजवळ प्रत्येक टीमची पहिली स्लाइड चासीच्या (सांगाड्याच्या) धडक-विश्लेषणाची असते. समोरून धडक, बाजूने धडक, लाल-निळे रंग, फॅक्टर ऑफ सेफ्टी. नियमपुस्तक ते मागतं, म्हणून करायचंच. पण गाडी वळणार की नाही, हे त्या रंगांवरून कळत नाही. परीक्षकाने "वळणात तुमचं आतलं मागचं चाक किती उचललं जातं?" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकमेकांकडे बघणं सुरू होतं.

कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) नसतं आणि सस्पेन्शनही नसतं. १९५६ साली आर्ट इंगल्सने कॅलिफोर्नियात पहिली कार्ट बनवली तेव्हा नव्हतं आणि आजच्या रेसिंग कार्टलाही नाही. मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर घट्ट बसलेली. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी, पण फिरतात दोन्ही सारखीच. म्हणजे एकाला घासत जावंच लागतं. यातून सुटायचा मार्ग एकच: वळणात शिरताना आतलं मागचं चाक जमिनीवरून उचलायचं, निदान त्यावरचा भार काढून घ्यायचा. हे झालं नाही तर मागचा एक्सल गाडीला सरळ ढकलत राहतो, पुढची चाकं वळलेली असूनही गाडी नाकासमोर जाते आणि टीम टायरला शिव्या घालत बसते.

चाक उचलायचं काम करतो पुढचा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा (पुढचं चाक वळताना ज्या पिनभोवती फिरतं तिचा) मागे झुकण्याचा कोन. किंगपिन वरून मागे झुकलेला असल्यामुळे स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. चासीचा आतला पुढचा कोपरा वर उचलला जातो, भार तिरपा सरकतो आणि मागचं आतलं चाक हलकं होतं. गणित सोपं आहे: किंगपिनपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर गुणिले कॅस्टर कोनाचा साइन गुणिले स्टिअरिंग कोनाचा साइन. हे अंतर ११० मिमी, कॅस्टर १२ अंश आणि चाक ३० अंश वळलेलं धरा. आतलं चाक सुमारे ११ मिमी खाली जातं. त्याच गाडीत कॅस्टर ५ अंश ठेवला तर जेमतेम ५ मिमी. मोटारीच्या पुस्तकातले कॅस्टरचे आकडे उचलून कार्टला लावणाऱ्यांची गाडी नेमकी इथे फसते. उलट टोकाला जाऊन १८-२० अंश केले तर स्टिअरिंग इतकं जड होतं की ड्रायव्हरचे हात भरून येतात आणि टाय रॉडवर (स्टिअरिंगची चाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीवर) फुकटचा ताण पडतो. पहिल्या गाडीसाठी १२ ते १४ अंश बरे.

तपासायला ट्रॅक लागत नाही. सपाट फरशीवर गाडी ठेवा, ड्रायव्हर बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि आतल्या मागच्या चाकाखालून कागद सरकवून बघा. सरकला पाहिजे. सरकला नाही तर पुढच्या हबमागे (चाक ज्यावर बसतं त्या भागामागे) स्पेसर टाकून पुढची चाकं बाहेर घ्या. किंगपिनपासूनचं अंतर वाढतं, तसा उचलही वाढतो. मागचा ट्रॅक, म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं अंतर, थोडा अरुंद केला तरी चाक लवकर हलकं होतं. हे दोन्ही बदल पान्याने होतात. वेल्ड केलेला कॅस्टर बदलायचा तर कटिंग व्हील लागतं, म्हणून तो आधीच नीट धरा.

ॲकरमनबद्दल (वळणात आतलं पुढचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवणाऱ्या रचनेबद्दल) थोडक्यात: व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ११०० मिमी आणि किंगपिनमधलं अंतर ८०० मिमी असेल, तर आतलं चाक ४० अंश वळल्यावर बाहेरचं साडेसत्तावीस अंशांच्या आसपास यायला हवं. कागदावर जमवून थांबू नका, कोनमापक लावून प्रत्यक्ष मोजा. स्टिअरिंग आर्मचा कोन वेल्डिंगमध्ये दोन अंशांनी हलला तरी ताळमेळ जातो.

सस्पेन्शन नाही म्हणजे स्प्रिंगचं काम चासीलाच करायचं आहे. म्हणून "जितकी कडक तितकी चांगली" हे कार्टला लागू नाही. फार कडक चासी आतलं चाक झटक्यात उचलते, बाहेरच्या टायरवर एकदम भार टाकते आणि गाडी वळणात टणटण उडते. फार लवचिक असेल तर पुढे मिळालेला उचल मागे पोहोचतच नाही. आणखी एक गैरसमज हटता हटत नाही: १०१८ या साध्या पोलादाऐवजी ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मोलिब्डेनमचं पोलाद) घेतली की चासी कमी वाकेल. वाकण्यातला फरक शून्य. दोन्ही पोलादांचा लवचिकता गुणांक जवळपास सारखाच, २०५ गिगापास्कल. ४१३० ची ताकद जास्त, म्हणजे ती कायमची वाकायला जास्त भार लागतो, इतकंच. कडकपणा हवा असेल तर पाइपचा बाहेरचा व्यास बदला. २५.४ मिमी व्यास आणि २ मिमी जाडीच्या पाइपऐवजी ३१.७५ मिमी आणि १.६५ मिमी जाडीचा घेतला, तर वजन ६ टक्के वाढतं पण वाकण्यातला कडकपणा ७५ टक्क्यांनी वाढतो. पाइपची ऑर्डर देण्याआधी किमान व्यास आणि जाडी नियमपुस्तकात बघा, कारण तांत्रिक तपासणीत पाइपला छोटं भोक पाडून जाडी मोजायला सांगू शकतात.

वेल्डिंगमध्ये चासी पिळली जाते, हे गृहीत धरूनच क्रम ठरवायचा. पाइपची टोकं होल-सॉने माशाच्या तोंडासारखी कापा, फट १ मिमीपेक्षा कमी ठेवा. मोठी फट वेल्डने भरली की थंड होताना तीच पाइप ओढते. वाक देताना आतल्या बाजूला सुरकुती आली तर तो तुकडा बाद, आणि वाकावर वेल्ड नको. आधी सगळी फ्रेम टॅक करा (छोट्या ठिपक्यांनी तात्पुरती जोडा), कर्ण मोजा, दोन्ही कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडून पुन्हा जुळवा. मग एक जोड डावीकडे पुढे, दुसरा उजवीकडे मागे, असं तिरपं फिरत वेल्ड करा. ४१३० असेल तर गरम जोडावर पाणी किंवा ओलं फडकं अजिबात नको. पटकन थंड झालेला भाग ठिसूळ होतो आणि तडा वेल्डमध्ये न जाता वेल्डला लागून जातो. टिग वेल्डिंगसाठी ईआर७०एस-२ ही फिलर रॉड या कामाला पुरते. किंगपिनचे सी-ब्रॅकेट सगळ्यात शेवटी लावा, तेही प्रत्येकातून एक सरळ डमी रॉड घातलेल्या फिक्श्चरवर. ते आधी लावले तर उरलेल्या वेल्डिंगची उष्णता कॅस्टर ओढून नेते आणि डावा-उजवा वेगळा येतो.

वजनाची विभागणी पुढे ४० ते ४३ टक्के आणि बाकी मागे, इथून सुरुवात करा. चार चाकांखाली चार सारखे वजनकाटे, ड्रायव्हर हेल्मेटसकट सीटवर, हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर. पुढच्या दोन चाकांवर सारखं वजन येत नसेल तर चासी पिळलेली आहे किंवा सी-ब्रॅकेट वरखाली बसलेत. इंजिन उजवीकडे असेल तर सीट डावीकडे सरकवून तोल साधतात. सगळ्यात जड वस्तू ड्रायव्हर असल्याने सीट २०-३० मिमी पुढे-मागे केली की गाडीचा स्वभाव बदलतो. म्हणून सीटच्या पट्ट्यांना एकाऐवजी तीन-तीन भोकं ठेवा.

मागचा एक्सल बहुतेकदा अर्धा लेथवर आणि अर्धा निष्काळजीपणाने बनतो. ३० मिमीचा भरीव एक्सल मीटरला साडेपाच किलो भरतो. ४० मिमीचा, ३ मिमी जाडीचा पोकळ एक्सल पावणेतीन किलो, आणि वाकण्यात दीडपट कडक. मात्र त्यात खोल की-वे (की बसवायची खाच) कापता येत नाही, त्यामुळे बोल्टने आवळून धरणारा हब लागतो. भरीव एक्सल ईएन८ किंवा ईएन२४ चा असेल तर त्यावर स्प्रॉकेटची किंवा डिस्कची चकती थेट वेल्ड करू नका. हे मध्यम कार्बनचं पोलाद वेल्डशेजारी कडक आणि ठिसूळ होतं. एक्सल तिथेच तुटतो, तोही बहुधा वळणातून बाहेर पडताना. की-वेचे कोपरे धारदार ठेवले तरी तडा तिथूनच सुरू होतो. बेअरिंग ब्लॉक आवळल्यावर एक्सल हाताने सहज फिरला पाहिजे. अडकला तर ब्लॉकखाली शिम (पातळ पत्रा) घाला, बोल्ट ढिले ठेवून काम भागवू नका. ग्रब स्क्रूसाठी (एक्सलवर आवळायच्या बिनडोक्याच्या स्क्रूसाठी) एक्सलवर छोटा खळगा करा, नाहीतर थरथरीने तो सुटतो आणि एक्सल आडवा सरकतो.

मोटारसायकलचं इंजिन बसवताना तिचं मागचं स्प्रॉकेट तसंच लावणं ही नेहमीची चूक. मोटारसायकलचं चाक सुमारे ६०० मिमीचं, कार्टचा मागचा ११ इंची टायर २८० मिमीचा. तोच गिअर रेशो ठेवला तर वेग निम्म्याहून खाली येतो. शिवाय ४२८ चेनचं ४२ दाती स्प्रॉकेट एक्सलखाली जवळपास ९० मिमी लोंबतं, जमीन फक्त १४० वर. २८ दाती घेतलं तर ते ६० च्या आसपास राहतं. ४२० आणि ४२८ चेनचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) एकच, १२.७ मिमी, पण रुंदी वेगळी. ४२० चं स्प्रॉकेट ४२८ चेनमध्ये बसतं, म्हणून चालेल असं वाटतं. ते डुलत राहतं आणि चेन उतरते. चेनचा ढिलेपणा ड्रायव्हर बसलेला असताना मोजा, कारण चासी वाकली की अंतर बदलतं.

ब्रेकच्या गणितात बहुतेक अहवाल स्वतःलाच फसवतात. ब्रेक फक्त मागच्या एक्सलवर, तरी गणित पूर्ण वजनावर मांडलेलं असतं. एकूण १७० किलो, मागे ५८ टक्के, व्हीलबेस १.१ मीटर, गुरुत्वमध्य पाव मीटर उंच आणि टायरचं घर्षण ०.८ धरा. ब्रेक दाबताच भार पुढे सरकतो आणि मागे ८२० न्यूटनच उरतात. मंदन साधारण ०.३९ जी येतं. ताशी ५० किमी वेगावरून थांबायला २५ मीटर. पूर्ण वजनावर काढलेलं उत्तर १२ मीटर येतं आणि तेच छापलं जातं. १४० मिमी टायर त्रिज्या, ८० मिमी डिस्कची परिणामी त्रिज्या, पॅडचं घर्षण ०.३५, ३२ मिमी कॅलिपर पिस्टन, १२.७ मिमी मास्टर सिलिंडर आणि ४:१ पेडल घेतलं तर चाकं लॉक व्हायला पायाचा जोर ६५ न्यूटनच लागतो. म्हणजे ताकद कमी पडत नाही. प्रत्यक्षात पेडल मऊ लागतं ते आत राहिलेल्या हवेमुळे. कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा बाहेर काढायचं तोंड) सगळ्यात वर येईल असा बसवा, नाहीतर कितीही वेळा ऑइल काढलं तरी बुडबुडा तिथेच बसून राहतो.

तांत्रिक तपासणीत गाड्या अडतात त्या किरकोळ गोष्टींवर: नायलॉक नटबाहेर दोन आटे न दिसणं, रॉड एंडच्या, म्हणजे टाय रॉडच्या टोकाच्या बॉल-सांध्याच्या, बाहेर मोठा वॉशर नसणं (बॉल निसटला तरी त्याने रॉड बोल्टवर अडकून राहतो), अर्धवट झाकलेली चेन, बाहेरून हात न पोहोचणारा किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण). पहिल्यांदा गाडी पळवली की इंजिन माउंट, कॅलिपरची पट्टी आणि सीटचे आधार टॉर्चने बघा. रंगात बारीक केसासारखी रेघ दिसली तर खाली तडा असतो. सगळे बोल्ट पुन्हा आवळून रंगाच्या पेनने खूण करा, म्हणजे सरकलेला बोल्ट लांबूनच दिसतो. सुट्या भागांच्या पेटीत चेनचं लॉक, थ्रॉटल केबल, एक्सलची की आणि मास्टर सिलिंडरचं किट असतंच. रॉड एंड मात्र सरळ आणि उलट्या अशा दोन्ही आट्यांचे न्या. टाय रॉडच्या एका टोकाला उलटा आटा असतो, आणि ऐन वेळी शेजारच्या टीमकडेही तो शिल्लक नसतो.