सुगरणीचे खोपे, पॅन-टिल्ट हेड आणि सीरियल पोर्ट

भोरजवळ मामाच्या मळ्यात विहिरीवर झुकलेली एक बाभूळ आहे. दर पावसाळ्यात तिला सुगरणीचे खोपे लागतात. नाव सुगरणीचं, पण विणतो नर. खोपा अर्धा विणून झाला की तो थांबतो आणि मादी येऊन आतून-बाहेरून तपासते. तिला पसंत पडला तरच खालची लांब नळी पुरी होते, नाहीतर अर्धा खोपा तसाच लोंबत राहतो. हा नकार आणि होकार माझ्या आठवीच्या मुलांना दाखवायचा होता. विहिरीच्या कठड्यापाशी माणूस उभा राहिला की सगळे नर भुर्रकन उडून जातात, आणि कॅमेरा एका जागी बांधला तर एकच खोपा दिसतो. म्हणून घरात बसून फिरवता येईल असा कॅमेरा हवा होता.

पुण्याच्या जुन्या बाजारात सीसीटीव्हीतून उतरवलेलं पॅन-टिल्ट हेड मिळालं. आडवं-उभं फिरणारं, चांगलं वजनदार. मागून चार वायरी निघालेल्या, दोन वीजपुरवठ्याच्या आणि दोन आरएस-४८५ च्या, म्हणजे हुकूम नेणाऱ्या सीरियल जोडणीच्या. त्याला २४ व्होल्ट एसी लागतं, डीसी नाही, त्यामुळे घरातला कुठलाच अडॅप्टर चालणार नव्हता. तपकीर गल्लीतून ट्रान्सफॉर्मर आणला आणि यूएसबीतून आरएस-४८५ काढणारे दोन कन्व्हर्टर घेतले. दोन का, ते पुढे येतंच.

आरएस-४८५ मला मुद्दाम हवं होतं. घर ते विहीर ६० मीटर. जुन्या संगणकांच्या ९ पिनच्या पोर्टवर असतं ते आरएस-२३२ साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाचं. आरएस-४८५ दोन वायरींमधल्या व्होल्टेजचा फरक वाचतं. वाटेत दोन्ही वायरींवर सारखाच गोंगाट चढला तर फरक तोच राहतो, म्हणून कमी वेगात ते १,२०० मीटरपर्यंतही जातं.

पहिली अडचण लॅपटॉपमध्येच निघाली. उबंटू २२.०४ (लिनक्स) वर कन्व्हर्टर लावला की त्याचं सीरियल पोर्ट दिसायचं आणि क्षणात नाहीसं व्हायचं. कन्व्हर्टरमधली चिप सीएच३४०. अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम तिला आपलंच यंत्र समजून ताब्यात घेत होता. माझ्या लॅपटॉपवर त्याची गरज नव्हती म्हणून तो काढला. ब्रेल यंत्र वापरणाऱ्यांनी मात्र तो काढू नये, दुसऱ्या चिपचा कन्व्हर्टर घ्यावा. मग पोर्ट उघडायची परवानगी मिळेना. स्वतःला डायलआउट गटात घालून, लॉगआउट करून परत आले, तेव्हा पोर्ट उघडलं.

आता दुसरा कन्व्हर्टर. दोन्ही एकमेकांना जोडले, एकाच्या खिडकीत अक्षरं टाइप केली, ती दुसऱ्याच्या खिडकीत उमटली. म्हणजे लॅपटॉप, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर निर्दोष. ही खात्री नसती तर पुढचे दोन दिवस मी चुकीच्या जागी शोधत बसले असते.

हेड पेल्को-डी ही भाषा बोलतं. प्रत्येक हुकूम ७ बाइटचा असतो (आकडे हेक्समध्ये, म्हणजे ९ नंतर ए ते एफ असे मोजलेले): सुरुवातीला एफएफ, मग हेडचा पत्ता, दोन बाइट आज्ञेचे, दोन वळण्याच्या वेगाचे आणि शेवटी चेकसम, म्हणजे एफएफ सोडून बाकीच्यांची बेरीज. पत्ता १ असेल तर उजवीकडे वळण्यासाठी एफएफ ०१ ०० ०२ २० ०० २३. पाठवलं. हेड ढिम्म. ए आणि बी वायरी उलट केल्या, कारण कंपन्यांमध्ये या दोन अक्षरांच्या अर्थाबद्दल एकमत नाही. तरी ढिम्म. पेल्को-डीमध्ये असं हेड सहसा उत्तरच देत नाही. बॉड रेट (हुकूम पाठवण्याचा वेग) चुकला, पत्ता चुकला की वायर चुकली, सगळ्याचं एकच लक्षण: शांतता. पत्ता आणि बॉड रेट ठरवणारे डिप स्विच, म्हणजे बारीक खटके, आत होते, पण त्यांच्या तक्त्याचं स्टिकर ओलीने गेलेलं.

मग पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. २४००, ४८००, ९६००, १९२०० हे चार वेग, प्रत्येकावर १ ते १६ पत्ते, दर वेळी उजवीकडे वळ, एक सेकंद थांब, मग स्टॉप. वायरी एकदा सरळ, एकदा उलट. मामा हेडकडे बघत बसला, मी स्क्रीनकडे. उलट वायरींवर २४०० चालू असताना मामा ओरडला, "पोरी, हललं!" पत्ता ३ होता. तो क्षण अजून अंगावर येतो.

पण खरं काम यानंतर होतं. वळायचा हुकूम मिळालेलं आमचं हेड स्टॉप मिळेपर्यंत वळतच राहतं. एकदा प्रोग्राम मध्येच बंद पडला, हेड टोकापर्यंत फिरलं आणि कॅमेऱ्याची केबल ताणली गेली. तेव्हापासून प्रोग्राम कसाही संपला तरी जाता जाता स्टॉप पाठवतो.

विहिरीवर नेल्यावर तेच दुखणं निराळ्या वाटेने आलं. आयपी कॅमेऱ्यासाठी टाकलेल्या कॅट-५ केबलमध्ये चित्राला दोनच जोड्या लागतात. उरलेल्यातली निळी जोडी मी हेडला दिली होती. सगळं सुरळीत चालायचं, पण मामाने पंप चालू केला की हेड कधीकधी थांबायचंच नाही. आमची केबल पंपाच्या वायरीला लगटून गेली होती. स्टार्टर दाबताच उठणाऱ्या झटक्यात हुकूम बिघडायचा, चेकसम जुळायचा नाही आणि हेड तो टाकून द्यायचं. टाकलेला हुकूम वळायचा असेल तर फक्त काम अडतं. स्टॉप असेल तर हेड फिरतच राहतं आणि झाड रिकामं होतं. केबल चांगली हातभर लांब सरकवली, टोकाला आदळून सिग्नल परत फिरू नये म्हणून हेडच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर जोडला आणि प्रत्येक स्टॉप तीनदा पाठवू लागले.

वळण्याचा वेगही उतरवला. २० या हेक्स वेगाला मोटरचा आवाज ऐकून जवळचा नर उडाला होता. ०८ वर आणलं: एफएफ ०३ ०० ०२ ०८ ०० ०डी. हेड इतकं सावकाश सरकतं की पक्षी मानही वळवत नाहीत.

श्रावणातल्या एका सकाळी उजवीकडून तिसऱ्या खोप्यावर मादी उतरली. नर बाहेर पंख फडफडवत लोंबकळत होता. मी स्टॉपची कळ दाबली. मादी आत शिरली, कडा चोचीने ओढून पाहिल्या, बाहेर आली आणि उडून गेली. दोन दिवसांनी परत आली, तेव्हा बराच वेळ आत राहिली. त्या संध्याकाळी नराने नळी विणायला घेतली होती.