आयडलिंगला थरथरणारं इंजिन आणि हवेच्या वाटेची साफसफाई

गाडी उभी असली आणि इंजिन नुसतं चालू असलं (म्हणजे आयडलिंगला) की इंजिन थरथरायचं. आरपीएमचा काटा साडेसातशेच्या आसपास स्थिर असायला हवा, तो पाचशेपर्यंत घसरायचा, मग एकदम नऊशेवर चढायचा आणि पुन्हा खाली यायचा. एसी लावला की थरथर स्टीअरिंगमध्ये जाणवायची. सकाळी थंड इंजिनवर निघताना गाडी झटके मारायची, पण एकदा वेग घेतला की बरीचशी सुरळीत चालायची. चेक इंजिनचा दिवा मध्येच लागायचा, मध्येच विझायचा.

अशी लक्षणं सांगितली की सल्ला ठरलेला असतो: थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ करून घे. सल्ला वाईट नाही. पण उभ्या गाडीचं इंजिन थरथरण्यामागे स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर यांपैकी काहीही असू शकतं, म्हणून आधी प्लग काढून पाहिले. चारही प्लगचा रंग सारखा होता, गॅप बरोबर होता. कॉइल एकमेकांच्या जागी लावून पाहिले, तरी काही फरक पडला नाही. मग ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावलं. त्यात एकच कोड होता, पी०१७१. याचा अर्थ मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. इथून पुढे माझं सगळं लक्ष हवेवर गेलं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, किती पेट्रोल सोडायचं ते हवेच्या मापावरून ठरवतो. माझ्या गाडीत हे माप हवेच्या वाटेवर एअर फिल्टरच्या लगेच नंतर बसवलेला मास एअरफ्लो सेन्सर देतो. मापलेली हवा आणि सिलिंडरमध्ये खरोखर पोचलेली हवा यांत तफावत पडली की हिशेब बिघडतो. एक तर सेन्सर कमी मोजतो, नाही तर सेन्सरनंतरच्या वाटेत कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरते. पाना हातात घेण्याआधी यातलं काय घडतंय ते ओळखायला हवं, आणि ते स्कॅनरवर दिसतं. फार लोक हे बघत नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते.

बघायचं ते फ्युएल ट्रिम. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लीन असल्याचं सांगतो, मग ईसीयू ठरलेल्यापेक्षा जास्त पेट्रोल सोडून ती उणीव भरून काढतो. किती टक्के जास्त सोडलं ते ट्रिमच्या आकड्यात दिसतं. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची दुरुस्ती) आणि लाँग टर्म (हळूहळू शिकलेली दुरुस्ती) अशा दोन्ही ट्रिमची बेरीज शून्याच्या जवळपास असली तर उत्तम, पाच टक्के इकडेतिकडे चालतं. माझ्या गाडीत आयडलिंगला बेरीज अधिक १९ येत होती, आणि इंजिन २५०० आरपीएमवर धरलं की अधिक १० वर उतरत होती.

या दोन आकड्यांतच बहुतेक निदान झालं. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम भरपूर असतो आणि इंजिनची एकूण हवा थोडी असते. त्यामुळे बारीकशा चिरेतून शिरणारी हवाही एकूण हवेतला मोठा वाटा खाते. रेस दिली की एकूण हवा वाढते आणि तीच गळती नगण्य होते. म्हणजे फक्त गळती असती, तर २५०० वर आकडा जवळपास शून्यावर यायला हवा होता. तो दहावर अडकला होता. याचा अर्थ गळती होतीच, शिवाय सेन्सरही कमी मोजत होता. दोन बिघाड एकावर एक बसले होते.

गळती शोधायला धुराची चाचणी, म्हणजे हवेच्या वाटेत धूर भरून तो कुठून बाहेर येतो ते बघणं, सर्वांत खात्रीची. ज्या गॅरेजमध्ये ते यंत्र असेल तिथे ती जरूर करून घ्यावी. मी साध्या उपायाने सुरुवात केली. इंजिन चालू ठेवून होजचे सांधे आणि मॅनिफोल्डची कड यांवर पाण्याचा बारीक फवारा मारत गेलो. काही जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर वापरतात. तापलेल्या इंजिनवर ज्वलनशील फवारा मारणं मला अजिबात पटत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्हपासून (इंजिनच्या पोटातली तेलाची वाफ परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या रबरी होजच्या कोपऱ्यावर पाणी पडलं आणि इंजिनचा आवाज क्षणभर बदलला. वरून होज धडधाकट दिसत होता. काढून उलटा केला तेव्हा वळणाच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर दिसली. तेलाच्या वाफेने रबर तिथे मऊ, फुगीर झालं होतं आणि बोटाने दाबलं की चिरेचे ओठ उघडायचे. नवा होज आणि त्याबरोबर नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवला. आयडलिंगचा ट्रिम अधिक ११ वर आला, २५०० वरचा दहाच्या आसपास राहिला. दोन्ही आकडे जुळले. आता सेन्सर.

या सेन्सरमध्ये एक अतिशय बारीक तार किंवा पातळ फिल्म असते. ती आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा वाहते, तार थंड होते, आणि ती पुन्हा तेवढीच गरम ठेवायला किती करंट लागला यावरून हवेचं वजन कळतं. तारेवर धूळ बसली की थंडीत पांघरूण घेतल्यासारखं होतं: हवेला तारेची उष्णता पूर्वीसारखी ओढून नेता येत नाही, करंट कमी लागतो आणि ईसीयूला वाटतं हवाच कमी आली.

इंजिन गार असताना, इग्निशन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. सेन्सरच्या कपलरची खटकी उष्णतेने ठिसूळ होते, ती ओढायची नाही, दाबून मग कपलर सरकवायचा. दोन स्क्रू काढले आणि सेन्सर सरळ वर उचलला. टॉर्चच्या उजेडात भिंग धरून पाहिलं तर तारेभोवती करड्या लोकरीसारखा थर होता, आणि कापसाचा एक धागा आडवा अडकलेला होता. उघड्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं.

इथे घाई चालत नाही. एअरफ्लो सेन्सरसाठी वेगळा क्लीनर मिळतो, तोच वापरायचा. तो उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक क्लीनर प्लास्टिक आणि सेन्सर दोन्ही खराब करू शकतात. ब्रश नको, कानातली कापसाची काडी नको, बोट तर नकोच. कॉम्प्रेसरची हवाही नको. थोडं अंतर ठेवून तारेवर आणि शेजारच्या तापमान सेन्सरच्या मण्यावर छोटे छोटे फवारे मारले. खाली पांढरा कागद धरला होता. सुरुवातीला त्यावर राखाडी थेंब पडत होते, शेवटी स्वच्छ पडायला लागले. मग सेन्सर तासभर तसाच सुकू दिला. तारेवर ओल असताना करंट देणं धोक्याचं.

तो सुकेपर्यंत थ्रॉटल बॉडी हातात घेतली. आधीच सांगतो, ट्रिम वाढण्यात तिचा फारसा दोष नसतो, कारण तिच्यातून जाणारी हवा मोजलेलीच असते. तिचा त्रास वेगळा. आयडलिंगला तिच्यातली फिरती चकती, म्हणजे प्लेट, जेमतेम उघडी असते आणि सगळी हवा कडेच्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून जाते. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटातून, येणारी तेलाची वाफ आणि गरम इंजिनची उष्णता मिळून नेमकी याच कडेला काजळी धरते. फट बुजत गेली की ईसीयू प्लेट थोडी जास्त उघडतो आणि तो कोन लक्षात ठेवतो. पण तेलकट कड चिकटते, प्लेट सहज सरकत नाही, थोडी अडते आणि मग एकदम सुटते. काटा वरखाली होतो तो यामुळे.

होजचा क्लॅम्प सैल केला, चार बोल्ट काढले. बॉडीला कूलंटचे दोन पाइप होते. ते न काढता बॉडी तेवढ्यातल्या तेवढ्यात बाजूला वळवली, म्हणजे कूलंट सांडलं नाही. समोरून प्लेट जरा मळकट दिसत होती, एवढंच. मागच्या बाजूला मात्र काळी, चिकट, कडेला दाणेदार झालेली काजळी होती. समोरून होज काढून फवारा मारणाऱ्यांची ही बाजू राहून जाते.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची प्लेट आतल्या बारीक गिअरवर फिरते. काही कंपन्या ती हाताने ढकलायला साफ मनाई करतात, म्हणून आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचावं. माझ्या मॅन्युअलमध्ये कनेक्टर काढल्यावर हळूच ढकलायला परवानगी होती. इग्निशन चालू असताना मात्र तिथे बोट कधीच घालायचं नाही, प्लेट झटक्यात मिटू शकते. काही बॉडींमध्ये प्लेटच्या कडेला कारखान्यातच एक गडद लेप दिलेला असतो. तो काजळी समजून खरवडला तर आयडलिंग कायमचं बिघडतं. माझ्या बॉडीत तो नव्हता, तरी मी धातूचं काही लावलं नाही. थ्रॉटल क्लीनर कापडावर घेतला आणि कड पुसली, दाणेदार भागाला मऊ टूथब्रश लावला. थेट फवारा मारला की द्रव शाफ्टच्या बाजूने मोटरमध्ये उतरू शकतो, म्हणून मोटर वरच्या बाजूला राहील अशी बॉडी धरली. गॅस्केट नवं घातलं. जुनं धड दिसलं तरी आपणच एक नवी गळती तयार करण्यात अर्थ नाही.

सगळं जोडून गाडी सुरू केली तेव्हा काटा अकराशेवर जाऊन बसला. साफसफाईनंतर इथेच लोक घाबरतात आणि काम बिघडलं असं समजतात. ईसीयूने काजळी धरून प्लेटचा जो कोन पाठ केलेला असतो, तोच कोन आता स्वच्छ फटीतून जास्त हवा आत सोडतो. त्याला नवं माप शिकवावं लागतं. याची रीत प्रत्येक गाडीत वेगळी असते, काहींना स्कॅनरमधूनच आज्ञा द्यावी लागते. माझ्या गाडीत एसी, दिवे, पंखा सगळं बंद ठेवून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचं, मग एसी लावून तितकाच वेळ थांबायचं. काटा हळूहळू उतरत साडेसातशेवर आला आणि तिथेच राहिला. एसी लावल्यावर जरासा दबला आणि लगेच सावरला.

कोड पुसला. सलग काही दिवस रोजच्यासारखी गाडी चालवून पुन्हा ट्रिम पाहिला, कारण लाँग टर्म ट्रिम एका फेरीत खरा आकडा देत नाही. आयडलिंगला अधिक ३, २५०० ला अधिक २. झटके गेले, सकाळची सुरुवातही सुधारली.

सेन्सरवर एवढी धूळ आली कुठून, हा प्रश्न उरला होता. एअर फिल्टर तर वेळच्या वेळी बदललेला होता. डब्याचं झाकण उघडून आतल्या बाजूला टॉर्च मारली तर फिल्टरनंतरच्या भागात, जिथे धूळ असायलाच नको, तिथे एका कोपऱ्यातून सेन्सरच्या दिशेने गेलेली मातकट रेघ होती. त्या कोपऱ्यात झाकणाची जीभ खाचेत न जाता खाचेच्या वर बसली होती. दोन्ही क्लिप लागायच्या, झाकण घट्ट वाटायचं, पण मागच्या कडेला फिल्टरचं रबर दबायचंच नाही. डबा आतून ओल्या कापडाने पुसला, कोरडा केला, नवा फिल्टर घातला, आणि आधी मागच्या जिभा खाचेत सरकवून मगच क्लिप लावल्या. तुमच्या गाडीचा सेन्सर काढाल तेव्हा हा डबाही आतून बघा. तिथे रेघ असेल, तर सेन्सर कितीही साफ केला तरी पुन्हा मळणार.