बारा व्होल्टनं काय होते?

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मी स्वतः उघडतो. एक फेज गेला की मोटारीच्या घुमण्यावरून कळतं, आणि किटकॅटमध्ये (घरच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये) तार घालणं तर आमच्या गावात पोरासोरांनाही येतं. म्हणून मार्चमध्ये जुन्या अल्टोला तालुक्याच्या गावातून टेप बसवून आणला, तेव्हा मागं वायरी कशा जोडल्यात हे वाकून पाहिलंसुद्धा नाही. (टेप ब्लूटूथवाला आहे, कॅसेटचा पत्ता नाही, पण यवतमाळ जिल्ह्यात त्याला टेपच म्हणतात.) बारा व्होल्टनं काय होते? हात लावला तरी झटका बसत नाही.

उन्हाळाभर गाडी रोज दारव्ह्याला जायची, म्हणून काही कळलं नाही. कापसाचा वेचा सुरू झाला आणि गाडी चार दिवस गोठ्याशेजारी उभी राहिली. पाचव्या दिवशी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी गेली. नवी ३५ एएचची (अँपियर-तासाची) घेतली. आठवड्यात तीही झोपली.

बाबा म्हणाले, "बॅटरी नाई खराब. कुठंतरी करंट पितेय थे. कपाशीले किडा लागल्यावानी."

मग मल्टिमीटर काढला. चावी काढलेली, दारं बंद, आतला दिवा विझलेला. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून तिच्या आणि टोकाच्या मध्ये मीटर लावला, लाल प्रोब १० अँपियरच्या भोकात. असा मीटर लागलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज लगेच जातो. आकडा आला ०.३१ अँपियर. उभ्या गाडीत ०.०५ च्या आत असेल तर चालतं. ०.३१ म्हणजे दिवसाला सात एएचच्या वर, म्हणजे तीन-चार दिवसांत सेल्फ उचलण्याइतका दम उरत नाही. पेटीतले फ्यूज एकेक काढून पाहिले, आकडा हलेना. टेप बाहेर ओढून मागचा प्लग काढला आणि मीटर ०.०२ वर आला.

आत जे दिसलं त्यानं घाम फुटला. टेपला वीज देणाऱ्या दोन वायरी असतात. पिवळी कायम चालू, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. आणि लाल, जी चावी फिरवल्यावरच चालू व्हायला हवी. आमच्या टेपच्या दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीला नेल्या होत्या. म्हणजे टेपच्या हिशोबानं चावी कधी निघालीच नव्हती. सांध्यावरच्या चिकटपट्टीचा डिंक मे महिन्यातल्या ४५ अंशांत वितळून खाली ओघळला होता आणि तांबं उघडं पडलं होतं. मागच्या शिक्क्यावर १० अँपियर लिहिलंय, होल्डरमध्ये मात्र ३० चा हिरवा फ्यूज.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. हा फ्यूज टेपच्या पाठीशी, बॅटरीपासून दीड-दोन मीटर लांब. मधली वायर पत्र्याच्या भोकातून रबराशिवाय आत घातलेली. इंजिनाच्या थरथरीनं एका जागी तिची कातडी घासून पांढरी झाली होती. ती पत्र्याला टेकली असती तर टेपजवळच्या फ्यूजला पत्ताही लागला नसता. झटका न देणारी हीच बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपियर ओतते. बारीक वायर निखाऱ्यासारखी लाल होते. फ्यूज टेपसाठी असतो असं मी इतकी वर्षं समजत होतो. तो वायरीसाठी असतो, म्हणून त्याची जागा बॅटरीच्या उशाशी.

सगळं उपटून नव्यानं केलं. आधी निगेटिव्ह सोडली. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी ठरलेली. २.५ चौरस मिमी तांब्याची गाडीची वायर आणली (घरची फिटिंगची जाड तारेची वायर नको, थरथरीनं आत तुटते). बॅटरीपासून वीतभर अंतरावर होल्डर, त्यात लाल रंगाचा १० चा फ्यूज, भोकात रबरी ग्रोमेट. लाल वायरसाठी निगेटिव्ह तेवढ्यापुरती जोडून चावीवर चालणारी लाइन मीटरनं शोधली: चावी बंद, शून्य, एक टप्पा फिरवली, १२.४ व्होल्ट. गाडीच्या मूळ वायरींचे रंग टेपच्या रंगांशी जुळतातच असं नाही, त्यामुळं रंगावर नाही, मीटरवर विश्वास. नव्या गाड्यांत एअरबॅगचे प्लग पिवळे असतात, त्यांना तर हातच लावायचा नाही. सांधे लग दाबून केले, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी).

काळ्या वायरीनं, म्हणजे टेपची निगेटिव्ह बॉडीला नेणाऱ्या वायरीनं, अर्धा दिवस खाल्ला. ती रंगवलेल्या पट्टीच्या स्क्रूला अडकवली होती, म्हणून गाडी रेस केली की स्पीकरमधून शिट्टीही चढायची. डॅशखाली बॉडीचा बोल्ट शोधून पॉलिश पेपरनं रंग खरवडला, दातेरी वायसर घालून आवळला. टेप मोठ्यानं लावून काळी वायर आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर धरला: ०.०४ व्होल्ट. शिट्टी गेली. दोन स्पीकरच्या निगेटिव्हही बॉडीला जोडलेल्या सापडल्या. हल्लीच्या टेपमध्ये तसं केलं तर आतला अँप्लिफायर जळू शकतो, म्हणून त्या सोडवून टेपलाच परत नेल्या.

शेवटी चावी काढून, निगेटिव्ह सोडून मध्ये मीटर पुन्हा लावला: ०.०३ अँपियर. मग निगेटिव्ह बसवली.

दुसऱ्या वेच्याला गाडी सहा दिवस उभी होती. सातव्या दिवशी अर्ध्या सेल्फमध्ये उठली आणि यवतमाळ आकाशवाणी जिथं सोडली होती तिथंच लागली. शेजारचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन उभा होता. म्हणाला, "माह्या टेपचाबी फ्यूज पाय न एकडाव." पाहिलं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली.

उद्या सकाळी ट्रॅक्टर आमच्या अंगणात येतोय. दोन होल्डर आणून ठेवलेत.