तीन मीटरवरची बाटली

काकांनी पाण्याची बाटली माझ्यासमोर धरली आणि अंगठ्याने दाबली. अंगठा सहज आत गेला.

"बघ. आत असताना मी हिचं झाकण घट्ट लावलं होतं. १४ मीटरवर बंद केलेली बाटली वर आली की आतली हवा फुगून दगडासारखी टणक होते. ही बघ, किती मऊ. तुम्ही आम्हाला तीन मीटरच्या खाली नेलंच नाही."

सकाळची बॅच नुकतीच चेंबरमधून बाहेर पडत होती. बाकीचे बाकावर बसून चपला घालत होते. माझ्या छातीत धस्स झालं, कारण काकांचा हिशेब अगदी बरोबर होता.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात हायपरबेरिक चेंबर चालवते, म्हणजे हवेचा दाब वाढवून आत बसलेल्या रुग्णांना ऑक्सिजन देण्याची बंद खोली. त्या वर्षी आमच्याकडे मधुमेहाने पायाला झालेल्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवर अभ्यास सुरू होता. दाब एटीएमध्ये मोजतात, जमिनीवर असतो तो १ एटीए. एका गटाला २.४ एटीए दाब, म्हणजे समुद्रात १४ मीटर खाली असतो तेवढा, आणि डोक्यावरच्या हूडमधून शुद्ध ऑक्सिजन. दुसऱ्या गटाला १.३ एटीए, म्हणजे जेमतेम तीन मीटरचा दाब, आणि तशाच हूडमधून साधी हवा. ड्रेसिंग, अँटिबायोटिक, इन्सुलिन दोघांना सारखंच. कोण कुठल्या गटात, हे ना रुग्णाला माहीत, ना उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, ना जखम मोजणाऱ्या सिस्टरना. पॅनेलवर बसणारी मी आणि रुग्णांसोबत आत बसणारा अटेंडंट, एवढ्याच आम्हा दोघांना रोज ते दिसत होतं.

गोळीचा प्रयोग असेल तर तशीच दिसणारी दुसरी गोळी बनवता येते. दाबाचं तसं नाही. दाब वाढला की कानाचे पडदे आत ओढले जातात, चेंबरमधली हवा तापते, वर येताना ती गार पडते आणि कधीकधी आत धुकं धरतं. शरीराला हे सगळं कळतं. म्हणून खोट्या डाइव्हलाही (चेंबरमधल्या एका फेरीला आम्ही डाइव्ह म्हणतो) आम्ही झपकन १.३ पर्यंत जायचो, म्हणजे कान दडायचेच. एसी मुद्दाम उशिरा लावायचो. व्हॉल्व्हचा फुस्स आवाज, हूडमधल्या हवेचा झोत, ९० मिनिटं, मधले ब्रेक, सगळं सारखं. बाहेरच्या गेजवर कापडी झाकण. ते झाकण मी घरच्या जुन्या पडद्यातून शिवून आणलं होतं.

मग दोन्ही गटांना सारखाच दाब का दिला नाही? तसे प्रयोग झालेले आहेत. स्वीडनमध्ये मधुमेहाच्याच जखमा असलेल्या ९४ जणांवर २.५ एटीएला झाला, एका गटाला ऑक्सिजन आणि दुसऱ्याला हवा. तो अभ्यास २०१० साली छापून आला. अमेरिकेत डोक्याला मार बसलेल्या सैनिकांच्या एका प्रयोगात सगळ्यांनाच २ एटीएला नेलं आणि एका गटाला फक्त १०.५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा दिली, म्हणजे त्या दाबाखाली फुप्फुसात जाणारा ऑक्सिजन जमिनीवरच्या हवेइतकाच राहतो. पण दाबाखाली हवा घेतली की नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर येताना तो जपून बाहेर काढावा लागतो. आधीच आजारी असलेल्या माणसांना केवळ नकलेसाठी तो धोका द्यायला आमचे डॉक्टर तयार नव्हते. मला ते आजही पटतं.

आणि एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारलं की मी कॅनडातल्या मुलांबद्दल सांगते. सेरेब्रल पाल्सी असलेली १११ मुलं. निम्म्यांना १.७५ एटीएला ऑक्सिजन, निम्म्यांना १.३ ला हवा, ४०-४० वेळा. २००१ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतली मुलं सुधारलेली होती आणि सुधारणा जवळपास सारखीच होती. १.३ ची हवासुद्धा अगदीच शून्य नव्हे, जमिनीवर २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं होतं ते, म्हणून त्यावर वाद झाला. पण तो दुसरा गट नसता तर सगळं श्रेय ऑक्सिजनला गेलं असतं, आणि किती आईबापांनी घरदार विकून चेंबर गाठलं असतं, याचा विचार करवत नाही.

काका मूळचे मालवणचे, नौदलात डायव्हर होते, कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेले. पायाचं एक बोट आधीच काढलेलं. त्यांचा फॉर्म मीच भरला होता. 'याआधी हायपरबेरिक उपचार घेतले आहेत का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि पुढे गेले. पाण्याखाली किती वर्षं काढली, हे फॉर्मवर विचारलेलंच नव्हतं. ते मलाच सुचायला हवं होतं.

बाटली दाखवून काका वळले आणि सरळ ड्रेसिंग रूमकडे निघाले. तिथे सिस्टर मोजपट्टी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या कानावर एक शब्द गेला असता तर फक्त काकांचाच नव्हे, सकाळच्या अख्ख्या बॅचचा गट त्यांना कळला असता, कारण एका डाइव्हमधले सगळे एकाच गटातले. मग जखम भरतेय की नाही, हे बघताना त्यांची नजर आधीच ठरून गेली असती. मी धावले आणि दारात आडवी उभी राहिले.

"काका, आधी माझ्याबरोबर दोन मिनिटं चला."

स्टोअररूममध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरांमध्ये आम्ही उभे राहिलो. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

"काय गो, माका खरां सांग."

असं कुणी विचारलं तर काय बोलायचं, ते आम्हाला ठरवून दिलेलं होतं. तेच वाक्य मी म्हटलं. "ते मला सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं आणि का वाटतं, ते शेवटच्या फॉर्मवर जरूर लिहा." हे वाक्य मी दोन्ही गटांना त्याच आवाजात, तेवढ्याच वेळानंतर म्हणायला शिकले होते. त्या दिवशी माझा आवाज तसाच राहिला का, कोण जाणे. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी नजर खाली न घालता उभी होते.

"आणि माझा पाय?" ते म्हणाले.

यावर काही ठरवून दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, पाय तुमचा आहे. तुम्ही आज, आत्ता यातून बाहेर पडू शकता. कुणी कारणसुद्धा विचारणार नाही. ड्रेसिंग चालूच राहील आणि बाहेर दुसरा उपचार घ्यायचा असेल तर डॉक्टर चिठ्ठी देतील. एवढंच मागते, बाटलीचं आत सिस्टरना आणि बाहेर बाकावर कुणाला सांगू नका."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ड्रेसिंगला गेले. मी काचेतून बघत राहिले. सिस्टरनी जखम मोजली, काकांनी त्यांना लेकीच्या लग्नाचं काहीतरी सांगितलं आणि घरी गेले. बाटली माझ्याकडेच राहिली.

अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या, गट माहीत असलेल्या एकमेव डॉक्टरांना मी लगेच फोन केला आणि झालेलं सगळं लेखी दिलं. त्याच संध्याकाळी आत बाटली न्यायची बंद झाली आणि कागदी पेले आले. नव्या माणसांच्या फॉर्मवर डायव्हिंगचा प्रश्न वाढला. काका येतील असं मात्र मला वाटत नव्हतं. अभ्यास संपल्यावर सगळ्यांना आपापले गट कळवले, म्हणून आज हे लिहिता येतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काका सुती कपडे घालून बाकावर हजर होते. माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या समोरच्या जागेवर एक नवीन गृहस्थ होते, पहिलाच दिवस, खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेले. मी दार बंद केलं, व्हॉल्व्ह उघडला. मॉनिटरवर दिसलं, ते गृहस्थ कान धरून कासावीस झाले. तीन मीटरलाही कान उघडावे लागतातच.

काका पुढे झुकले, स्वतःचं नाक चिमटीत धरलं, गाल फुगवून जोर लावला आणि बोटाने त्यांना खूण केली. असं करा.