कोकणकडा आणि होरिझोंट

पाचनईहून हरिश्चंद्रगडाची चढाई, केदारेश्वराच्या गुहेतले गारठवणारे पाणी, देवळाशेजारच्या झोपडीतले पिठले-भाकरी हे सारे नेहमीसारखेच सुखाचे झाले. लिहावेसे वाटते ते कोकणकड्यावरच्या त्या दुपारच्या वीस मिनिटांबद्दल.

माझ्याजवळ होरिझोंट हा रुंद चित्रे घेणारा फिल्म कॅमेरा होता. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९६७ ते १९७३ या काळात बनलेल्या या कॅमेऱ्याचे २८ मिलिमीटरचे भिंग एका नळकांड्यात बसवलेले असते. बटण दाबले की ते नळकांडे फिरते आणि त्याच्या मागची अरुंद फट कमानीसारख्या वाकवलेल्या फिल्मवर १२० अंशांचे दृश्य क्रमाने उमटवत जाते. एक चित्र ५८ मिलिमीटर लांब, त्यामुळे साध्या कॅमेऱ्यात ३६ चित्रे देणाऱ्या रोलवर जेमतेम २२ चित्रे मिळतात.

कड्याच्या काठावर पालथे पडून खाली डोकावणाऱ्यांची रांग होती आणि कोणाचा तरी स्पीकर ठणाणत होता. इतक्या भव्य जागी माणसांना शांतता का नकोशी होते, हे मला खरोखरच समजत नाही. ढग दरीतून वर येत होते. अचानक ते फाटले आणि अर्धवर्तुळाकार कड्याचे दोन्ही बाहू एकदम उजळले. साध्या कॅमेऱ्यात यातला एक बाहू सुटतोच. इथे दोन्ही मावत होते. दरीचा तळही हवासा वाटत होता, पण कॅमेरा किंचित जरी खाली झुकवला तरी क्षितिजाला मधोमध कुबड येते. म्हणून पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत मी श्वास रोखून थांबलो, बोटे चित्रात येऊ नयेत म्हणून मूठ घट्ट धरली आणि बटण दाबले. भिंग फिरतानाची ती हलकी घरघर वाऱ्यातही ऐकू आली. अशी चार चित्रे घेतली आणि ढग पुन्हा मिटले.

रोल धुवायला देताना पाकिटावर ‘निगेटिव्ह कापू नये’ असे मी ठळक अक्षरांत लिहिले होते. तरीही नेहमीच्या सहा-सहा चित्रांच्या मापाने पट्ट्या कापल्या गेल्या आणि त्या चारांतले सर्वांत चांगले चित्र, जिथे उजव्या बाहूवर ऊन नुकतेच पोहोचले होते तिथेच, दुभंगले. दुकानदारांनी पैसे परत देऊ केले. मी ते घेतले नाहीत. मला तो कडा अखंड हवा होता. दोन्ही तुकडे एकाच पाकिटात जपून ठेवले आहेत आणि घरी रोल धुण्यासाठी टाकी व रसायने आणली आहेत.